पेटीवरचा प्रकाश : जुन्या संगणक-कॅबिनेटच्या रोषणाईचा इतिहास व हुडकेश्वरसारख्या उपनगराचा संदर्भ

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना प्रोसेसर, संगणकभाषा आणि उद्योगसमूह यांची नोंद साक्षेपाने घेतली जाते. ज्या पत्र्याच्या पेटीत हा सारा संसार मांडलेला असतो, तिची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. बाजारात या पेटीला ‘कॅबिनेट’ म्हणतात. घरोघरी मात्र तिला ‘सीपीयू’ असेच नाव पडले. वास्तविक सीपीयू म्हणजे आतील तळहातात मावणारा एक सुटा भाग. कवचालाच गाभ्याचे नाव मिळावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेली तरी इतिहासाच्या अभ्यासकाने तसे करू नये. सर्वसामान्य कुटुंबाला संगणकाचे जे दर्शन घडले ते या पेटीचेच होते.

अशा जुन्या कॅबिनेटची एक बाजू कापून तीत पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी बसविणे, आत रंगीत दिवे लावणे आणि पेटीला नवा रंग देणे हा उद्योग साधारणपणे पोरखेळ समजला जातो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन निराळे आहे. सुटे भाग जोडून बनविलेल्या, म्हणजेच ‘असेंबल्ड’ संगणकाच्या काळात ज्यावर मालकाचा हात खऱ्या अर्थाने चालू शकत होता असा भाग कॅबिनेट हाच होता. मदरबोर्डला कोणी कानस लावीत नाही. पत्र्याला लावता येते. त्यामुळे कॅबिनेटवरील रोषणाई ही त्या यंत्रावर मालकी सांगण्याची एक रीत होय, आणि तिचा मागोवा महाराष्ट्रातील संगणकप्रसाराच्या इतिहासातच घ्यावा लागतो.

दिवे आधी, पेटी नंतर

दिवे ही संगणकावर मागाहून चढविलेली सजावट आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली पूर्णत्वास गेलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच अशा पोलादी चौकटीत उभा होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि आतील मंडले हाताळता यावीत म्हणून चौकटीच्या दोन्ही अंगांना पोलादी दरवाजे होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी या यंत्राला नाव दिले. येथे पेटी झाकण्यासाठी जितकी होती, तितकीच उघडण्यासाठीही होती. पुढे १९७५ सालच्या ‘अल्टेअर ८८००’ या अमेरिकी संगणकाच्या दर्शनी फलकावर लाल दिव्यांच्या रांगा होत्या. पत्ता व माहिती यांचे अंक त्या दिव्यांवरूनच वाचावे लागत. दिवा लागला म्हणजे १, विझला म्हणजे ०. प्रकाश ही त्या यंत्राची वाचाच होती.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेल्या आयबीएम पीसीने ही वाचा बंद केली. त्याच्या दर्शनी भागावर फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा सोडला तर दुसरा दिवा नव्हता. माहिती पडद्यावर दिसू लागली होती, तेव्हा फलकावरील दिव्यांची गरज उरली नव्हती, हे खरेच. त्यानंतरच्या वर्षांत फिकट बदामी रंगाची मुकी पेटी हेच कार्यालयीन संगणकाचे रूप ठरून गेले. १९८४ च्या ‘पीसी-एटी’वर कुलूप, वीज आणि हार्ड डिस्क दर्शविणारे दिवे आले, इतकाच फरक.

३८६ व ४८६ प्रोसेसरच्या काळातील कॅबिनेटवर मात्र एक मोठी मनोरंजक वस्तू आढळते. ‘टर्बो’ बटणाच्या शेजारी लाल किंवा हिरव्या अंकांची एक चौकट असे आणि तीत ३३, ६६ असे मेगाहर्ट्झचे आकडे झळकत. पाहणाऱ्याला वाटे की यंत्र आपला वेग मोजून दाखवीत आहे. प्रत्यक्षात ती चौकट काहीच मोजत नव्हती. तिच्या पाठीमागील बारीक जंपर ज्या क्रमाने बसवावेत तो आकडा पुढे उमटे. दुकानदाराची इच्छा असेल तर ‘एचआय’ आणि ‘एलओ’ अशी अक्षरेसुद्धा उमटवता येत. म्हणजे संगणकाच्या पेटीवरील ‘दिखाऊ’ प्रकाशाचा आरंभ हौशी तरुणांनी केला नसून कॅबिनेटच्या उत्पादकांनीच केला. रोषणाई करणाऱ्या तरुणांवर दिखाऊपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हा तपशील लक्षात घ्यावा.

असेंबल्ड संगणक आणि शहराची कड

१९७८ साली आयबीएमने भारतातील व्यवसाय गुंडाळला. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात व उत्पादन यांवरील निर्बंध सैल केले. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि त्यानुसार संगणकाच्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत २००५ पर्यंत शून्यावर आले. या धोरणांचा परिणाम दिल्ली-मुंबईच्या कंपन्यांपुरता राहिला नाही. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांतून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क व कॅबिनेट असे सुटे भाग घेऊन संगणक जोडून देणारा एक नवा कारागीरवर्ग उभा राहिला. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणक केंद्रे नेली आणि त्या केंद्रांबरोबर या कारागिरांचे कामही वाढले.

हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिणेकडील गाव. ग्रामपंचायतीचा कारभार असलेली हुडकेश्वर व नरसाळा ही गावे २०१३ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली. परंतु हद्द सरकण्यापूर्वीच शेतजमिनींचे लेआऊट पडून वस्ती सरकली होती. शहराच्या अशा कडेला घरबांधणी अखंड चालू असते. त्यामुळे खिडक्यांचे ग्रिल करणारा फॅब्रिकेटर, गाड्यांना रंग मारणारा, ॲक्रिलिकच्या पाट्या कापून देणारा आणि मांडवाला लायटिंग करणारा असे कारागीर एकाच रस्त्यावर मिळणे दुर्मीळ नसते. कॅबिनेटचे रूपांतर करण्यास लागणारी बहुतेक सारी कौशल्ये या चौघांत वाटलेली आहेत. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच काम घरच्या छोट्या विद्युत हत्यारांनी सुरू केले; आपल्याकडे त्याला गल्लीतील कारागिरांचा आधार मिळू शकत होता.

या कामात रोषणाईच्याही आधी उष्णतेचा प्रश्न येतो. पेंटियम ४ च्या काळात इंटेलने कॅबिनेटसाठी जी मार्गदर्शक रचना दिली, तीत खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअस असताना प्रोसेसरजवळची हवा ३८ अंशांच्या आत राहावी, अशी अपेक्षा होती. त्यासाठी पेटीच्या बाजूच्या पत्र्याला झरोका पाडलेला असे. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. उन्हाळ्यात ज्या शहरात खोलीच ३५ अंशांच्या वर जाते, तेथे बाहेरून आखून आलेली पेटी अपुरी पडणारच. बाजूचा पत्रा काढून ठेवून टेबलफॅन संगणकाकडे वळविणे, हा वैदर्भीय उपाय अनेकांच्या परिचयाचा आहे. पत्रा कापून पंखा बसविणे ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. आणि एकदा पत्रा कापायचाच ठरल्यावर पंख्याशेजारी खिडकी व खिडकीमागे दिवा येणे स्वाभाविक होते.

निळा प्रकाश

रोषणाईचा तांत्रिक इतिहास मुख्यत्वे निळ्या रंगाचा आहे. लाल व हिरव्या एलईडी १९७० च्या दशकापासून उपलब्ध होत्या; तेजस्वी निळी एलईडी मात्र १९९३ साली जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केली. या संशोधनासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळी एलईडी स्वस्त होईपर्यंत हौशी मंडळींचा भर कोल्ड कॅथोड नळीवर होता. ही नळी पेटविण्यासाठी १२ व्होल्टचे शेकडो व्होल्टमध्ये रूपांतर करणारा इन्व्हर्टर लागे आणि नळीत पारा असे. जुन्या पेटीत अशी नळी सापडल्यास ती न फोडता वेगळी ठेवणे इष्ट.

एलईडीचे गणित सोपे आहे. एसएमपीएसमधून पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट मिळतात आणि काळी तार शून्याची. निळ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट खर्ची पडतात. तीन एलईडी एकामागे एक जोडल्या तर ९.६ व्होल्ट होतात, उरलेले २.४ व्होल्ट २० मिलिअँपिअर प्रवाहास अडविण्यासाठी १२० ओहमचा रोधक लागतो. बाजारात मिळणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी दर तीन एलईडींवर कापता येते, त्याचे कारण हेच. मीटरला ६० एलईडी असलेली साधी पट्टी ५ वॉटपेक्षाही कमी वीज घेते. गणपतीच्या मखरासाठी दिव्यांची ‘सिरीज’ दुरुस्त केलेल्या मुलास हे गणित सूत्रात मांडता आले नाही, तरी कळलेले असते : एक दिवा गेला की पूर्ण माळ का विझते, हे त्याने हाताने शोधलेले असते.

धोका गणितात कमी आणि पत्र्यात अधिक. पत्रा कापण्यापूर्वी आतील प्रत्येक भाग बाहेर काढावा लागतो, कारण लोखंडाचा एक कीस मदरबोर्डचा घात करण्यास पुरेसा असतो. कापलेल्या कडेवर रबरी बीडिंग चढवावे लागते. रंग देताना एसएमपीएस जेथे स्क्रूने पेटीला टेकतो ती जागा कोरी राखणे आवश्यक असते. पेटीचे अर्थिंग त्याच स्पर्शातून होते. नव्या मदरबोर्डवर रोषणाईसाठी ५ व्होल्टची तीन पिनांची व १२ व्होल्टची चार पिनांची अशा वेगवेगळ्या जोडण्या आल्या. त्यांची गल्लत झाल्यास ५ व्होल्टची पट्टी जळते. जुन्या मदरबोर्डवर त्या नसल्याने पट्टी सरळ एसएमपीएसच्या तारांवरच जोडावी लागते.

सन २००५ च्या आगेमागे महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. घरातील ट्यूबलाइट बंद, आणि यूपीएसच्या आधारे संगणकाच्या पेटीत निळा उजेड, ही विसंगती त्या काळाची खूण आहे. तिला उधळपट्टी म्हणता येईल. पण पाच वॉटच्या त्या उजेडापेक्षा समोरचा काचेच्या नळीचा मॉनिटर कितीतरी अधिक वीज पीत होता.

सजविलेले अवजार

यंत्राला सजविणे मराठी समाजाला परके नाही. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि आज कार्यालयातील संगणकालाही हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहिले जाते. पोळ्याला बैलाची शिंगे रंगतात. नागपुरात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. संगणकाच्या पेटीची रोषणाई या परंपरेतूनच उगवली, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. तिचा नमुना बाहेरून आलेला आहे. परंतु पोट भरून देणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा तरी नटवावे, ही वृत्ती जेथे मुरलेली आहे, तेथे तो नमुना परका वाटला नाही.

खरा वाद पुढेच आहे. जुनी पेटी कापली की ऐतिहासिक साधन नष्ट होते काय? काटेकोर वस्तुसंग्राहकाचे उत्तर होकारार्थी असेल, आणि ते निराधार नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचे खण, टर्बोचे बटण, कुलूप, जोडणाऱ्या दुकानाचे चिकटपत्र, हमीची तारीख : असेंबल्ड संगणकाच्या बाबतीत हेच दस्तऐवज. ब्रँडेड संगणकाची माहिती कंपनीच्या पुस्तिकेत सापडते. सीताबर्डीत जोडलेल्या संगणकाची पुस्तिका कधी छापलीच गेली नाही. पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा दर्शनी भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळण्याची पद्धत २००८ च्या सुमारास प्रचारात आली. तीसुद्धा वयाची खूण पुसतेच.

तथापि येथे पर्याय कोणता आहे, तेही पाहावयास हवे. ई-कचऱ्याविषयीचे २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, त्यानंतर २०१६ चे आले आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. या नियमांचा रोख विषारी व मौल्यवान द्रव्ये योग्य जागी पोहोचावीत याकडे आहे, आणि तो उचितच होय. आतील भाग काढून घेतलेली रिकामी पेटी मात्र कबाड्याकडे लोखंडाच्या भावाने जाते आणि चिकटपत्रासकट वितळते. कापलेली, रंगविलेली, दिवे लावलेली पेटी निदान घरात राहते. तिच्यावर दोन काळांचे हात दिसतात, एक जोडणाऱ्याचा आणि दुसरा बदलणाऱ्याचा. इतिहासाच्या दृष्टीने दुसरा हात पहिल्याइतकाच पुरावा आहे.

हे मान्य केले तर पत्र्याला कानस लागण्यापूर्वीच नोंदीचे काम सुरू व्हावे लागेल. चारही बाजूंचे छायाचित्र, चिकटपत्राची नक्कल, कॅबिनेटचे माप, खणांची संख्या, मेगाहर्ट्झच्या चौकटीमागील जंपरांचा क्रम एवढे टिपण्यास अर्धा तास पुरतो. महाविद्यालयांच्या भांडारगृहांत निर्लेखित संगणकांची रास पडलेली असते; इतिहास आणि संगणकशास्त्र या दोन विभागांचे विद्यार्थी मिळून हे काम निर्लेखनाच्या लिलावापूर्वीच करू शकतात. अंकांच्या त्या चौकटीला एसएमपीएसच्या लाल तारेवरील ५ व्होल्ट पुरतात. आत मदरबोर्ड नसला, तरी ती ६६ हा आकडा दाखवीत राहते.