'विशेष' कुठे लिहायचं?

परवा भाचा आला होता. सुप्याच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात असतो. (शिवकाळातलं सुपे ते बारामतीकडचं. हे आमचं पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं.) इथे जपानी कंपन्यांसाठी वेगळा विभाग राखलेला आहे, त्यामुळे त्याचा जपान्यांशी संबंध येतो.

माल दहा दिवस उशिरा निघणार होता. याने दोन गिऱ्हाइकांना एकच मेल पाठवली. पहिलीच ओळ, "दहा दिवस उशीर होईल." जर्मन गिऱ्हाइकाने तासाभरात नवी तारीख मान्य केली. जपानी गिऱ्हाइकाकडून चार दिवस शांतता, आणि मग पुढची ऑर्डर थांबली.

"मामा, मी लपवलं तर काहीच नव्हतं!"

मला मोडी पत्रं आठवली. पेशवाईतलं पत्र कामापासून सुरू होत नाही. आधी मायना, तोही समोरच्याचा मान पाहून. मग 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे'. मग एकच शब्द, 'विशेष'. काम त्याच्यापुढे. ही शिस्त जुनी. यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर पत्रलेखनाच्या नियमांचं 'मेस्तक' सांगतात.

जपानी रीतीचं पत्रही असंच. आधी 'हाइकेइ', मग ऋतू, मग क्षेम, मग 'साते', म्हणजे 'तर आता'. म्हणजे आपलं 'विशेष'च की! क्रियापदसुद्धा दोघांचं वाक्याच्या शेवटी.

1818 साली पेशवाई बुडाली, इंग्रजी कचेऱ्या आल्या आणि पुढे अर्जाच्या डोक्यावर 'विषय' जाऊन बसला. भाचा तेच शिकलाय. मायन्याला तो पाल्हाळ म्हणतो. मला तसं वाटत नाही. आपले संबंध शाबूत आहेत, हे वाचणाऱ्याला आधी कळतं आणि वाईट बातमी नंतर.

अर्थात नुसता मायना लावून भागलं नसतं. रोजच्या रिपोर्टात निष्कर्ष आधी सांगायला जपानी कंपन्यांतही शिकवतातच. खरी गोम 'नेमावाशी'ची. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करायची. तसं पत्राआधी एकेकाच्या कानावर घालायचं. फोन आधी हवा होता. शेतकऱ्याच्या पोराला हे मी काय सांगायचं!

असो. दोघांनी बसून दिलगिरीचं पत्र लिहायला घेतलं. म्हटलं, "आधी ऋतूबद्दल दोन शब्द लिही."

"काय लिहू? पावसाने दडी मारलीय."

"तेच लिही."