दोन दारांचा क्लब

बदलापूरहून सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, ठाणे करत गाडी पोहोचेपर्यंत दीड तासाच्या वर सहज जातो. तिथून चालत गेटवे. लहानपणी मे महिन्यात पाहुणे आले की आमची ही ठरलेली सहल असायची. गेटवेच्या कठड्यावर उभं राहून आम्ही एलिफंटाच्या लाँच बघायचो. लाँचच्या पलीकडे, थोड्या आत, नांगरून ठेवलेल्या काही बारीक होड्या दिसायच्या. शिडं गुंडाळलेली, डोलकाठ्या लाटांबरोबर डुलणाऱ्या. "त्या कुणाच्या?" असं विचारलं की वडील म्हणायचे, "क्लबवाल्यांच्या." तिथेच विषय संपायचा.

पुढे कॉलेजात असताना मित्राबरोबर दक्षिण मुंबईतल्या एका क्लबच्या दारात गेलो होतो. होडी चालवायला शिकवतात का, एवढंच विचारायचं होतं. वॉचमनने शांतपणे विचारलं, "कोणाचे गेस्ट?" आम्ही कोणाचेच नव्हतो. परतीच्या कल्याण गाडीत मित्र म्हणाला, "आपण समुद्राकडून यायला हवं होतं." तो थट्टेत बोलला होता. पण शिडाच्या होड्यांच्या क्लबांचा इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं की तो अगदी नेमकं बोलला होता. या क्लबांना पहिल्यापासून दोन दारं आहेत. एक पाण्याकडचं, एक रस्त्याकडचं. आणि दोन्ही दारांचे नियम वेगळे आहेत.

पाण्याकडचं दार

समजा, तुम्ही स्वतःच्या होडीने परक्या देशाच्या बंदरात शिरलात. डोलकाठीवर पिवळा झेंडा लावायचा. त्याचा अर्थ, आमच्या होडीवर रोगराई नाही, तपासणी करून आत घ्या. मग इमिग्रेशन, कस्टम्स. ते झालं की पिवळा झेंडा उतरवून यजमान देशाचा छोटा झेंडा चढवायचा. त्यानंतर तिथल्या यॉट क्लबात जायचं. तुमच्या गावच्या क्लबचं सभासदत्व आणि या क्लबशी त्याचा करार असेल तर काम आणखी सोपं. पाहुण्यांसाठी नांगराची जागा, गरम पाण्याची अंघोळ, तात्पुरतं सभासदत्व, कुणाच्या तरी घरी जेवण. निघताना दोन्ही क्लब आपापल्या चिन्हाचे तिकोनी झेंडे एकमेकांना देतात. जगभरच्या क्लबांच्या भिंतींवर असे झेंडे टांगलेले असतात.

इथे तुमचं आडनाव, पगार, कुठल्या स्टेशनाला राहता, हे सहसा कुणी विचारत नाही. समुद्र ओलांडून आलात, हीच ओळख पुरते. यामागे भाबडेपणा नाही, हिशोब आहे. आज तुम्ही माझ्या बंदरात, उद्या मी तुमच्या. वादळात सगळेच सारखे, हे होडीवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

अर्थात पाण्याकडून आलेल्या प्रत्येकाचं स्वागत होतंच असं नाही. त्याचं सर्वात जुनं उदाहरण आपल्या कल्याणचंच आहे. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस'. तीत कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. हे पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर इथला व्यापार अडवला जाऊ लागला. चुकून एखादं ग्रीक जहाज इथे आलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या खाडीच्या तोंडाशी कुणीतरी परक्या खलाशाला विचारलंच होतं, "कोणाचे गेस्ट?"

रस्त्याकडचं दार

शिडाच्या होड्यांचा सर्वात जुना क्लब म्हणून आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्लबचं नाव घेतात. तो १७२० सालचा. सभासद फक्त पंचवीस. त्याच्या जुन्या नियमांत एक गमतीदार नियम आहे. मेजवानी देणाऱ्याने दोन डझनांपेक्षा जास्त वाइनच्या बाटल्या आणू नयेत. म्हणजे सुरुवातीपासूनच क्लब ही होडीइतकीच पंगतीची गोष्ट होती. आणि पंगत म्हटली की कुणाला शेजारी बसवायचं, हा प्रश्न आलाच.

त्यातून सभासद करून घेण्याची ती प्रसिद्ध पद्धत रुळली. एका सभासदाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. नाव फलकावर लागतं. मग गुप्त मतदान, एका पेटीत पांढऱ्या किंवा काळ्या गोळ्या टाकून. ठरावीक संख्येने काळ्या गोळ्या निघाल्या की नाव बाद. कारण सांगायचं नाही, विचारायचंही नाही. नकार कुणी दिला हे कळत नाही, म्हणून भांडायचं कुणाशी हेही कळत नाही.

चहाच्या पाकिटावरचं लिप्टन हे नाव तुम्ही वाचलं असेल. सर थॉमस लिप्टन ग्लासगोतले किराणा दुकानदार. आईवडील गरीब आयरिश. चहाच्या धंद्यात अफाट पैसा कमावला आणि १८९९ ते १९३० या काळात 'अमेरिकाज कप' जिंकण्यासाठी पाच वेळा होडी उतरवली. पाचही वेळा हरले, पण इंग्लंडचे राजे त्यांच्याबरोबर होडीवर फिरायचे. तरी इंग्लंडमधल्या सर्वात मानाच्या रॉयल यॉट स्क्वाड्रनने या 'वाण्या'ला सभासद करून घेतलं ते १९३१ साली. त्याच वर्षी लिप्टन वारले. पाचही वेळा ते आव्हानवीर म्हणून उतरले, ते अल्स्टरच्या क्लबच्या झेंड्याखाली.

गोऱ्या, श्रीमंत, राजाच्या मित्राची ही गत. मग मुंबईत काय होणार?

अपोलो बंदर

बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली सुरू झाला. १८७६ साली त्याला 'रॉयल' ही पदवी मिळाली. अपोलो बंदरावर त्याची देखणी इमारत उभी राहिली, आणि १८९६ च्या सुमारास रस्त्यापलीकडे सभासदांच्या मुक्कामासाठी दुसरी. तेव्हा गेटवे नव्हता, ताजही नव्हतं. ताज उघडलं १९०३ साली, गेटवे १९२४ साली. विलायतेहून बोटीने येणारा साहेब उतरायचा तो जवळजवळ क्लबच्या हिरवळीसमोरच. बोटीतून उतरून थेट ओळखीच्या माणसांत. त्याच्यासाठी पाण्याकडचं आणि रस्त्याकडचं दार एकच होतं.

हिंदी माणसाला मात्र ब्रिटिश काळात इथे सभासदत्व नव्हतं. तो आत जायचा तो ट्रे घेऊन, नाहीतर होडीचं दोर घेऊन. यातली मेख बघा. या बंदराचं पाणी कुणाला कळत होतं? उधाण कधी, भांग कधी, खडक कुठे, ओहोटीचा ओढ किती, हे कोळ्यांना आणि कोकणातल्या तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आपल्या कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी गलबतं बांधायला घेतली ती १६५७ नंतर, त्या क्लबच्या दोन शतकं आधी. १६५९ मध्ये तिथे पोर्तुगीज कारागीरही कामाला होते. म्हणजे होडी बांधायची ठाऊक, हाकायची ठाऊक. अडलं होतं ते खुर्चीपाशी.

जमिनीवरच्या खेळांत लोकांनी यावर तोड काढली. बॉम्बे जिमखान्यात प्रवेश नाही? ठीक. मरीन लाइन्सला पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने एकामागून एक उभे राहिले. शिडाच्या होड्यांच्या बाबतीत मात्र तसं घडलं नाही. क्रिकेटला मैदान मिळालं की पुरतं. होडीला धक्का लागतो, नांगराची जागा लागते, आणि ती आधीच वाटली गेली होती.

पण सगळं खापर साहेबावर फोडून मोकळं होता येणार नाही. याच काळात पळवणकर बाळू हा चांभार समाजातला असामान्य गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळत होता. त्याच्या चेंडूंवर सामने जिंकले जात. चहाच्या वेळी सहकारी पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. बाहेरच्यांनी आपल्याला जिथे उभं केलं, अगदी तिथेच आपण आपल्यातल्या एकाला उभं केलं. काळ्या गोळीचं तंत्र आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांची एक गोष्ट मुंबईत सांगतात. त्यांच्या हिंदी पाहुण्याला एका क्लबात प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी हिंदी आणि युरोपीय दोघांना खुला असा विलिंग्डन क्लब काढला. नाकारणारा क्लब कुठला, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. क्लब मात्र खरा आहे, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघालेला. तिथे आले ते राजेरजवाडे आणि शेठ. वंशाची भिंत उतरली, पैशाची राहिली.

१९४८

२८ फेब्रुवारी १९४८. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची तुकडी गेटवेच्या कमानीतून समुद्राकडे निघाली. भारतातलं शेवटचं ब्रिटिश सैन्य. बँड, सलामी, भेटवस्तू. पाण्याकडचं दार त्यांच्या निरोपासाठी सजलं होतं.

याच महिन्यांत याच बंदरात दुसरी जहाजं येत होती, कराचीहून. ६ जानेवारीच्या दंगलीनंतर सिंध सोडणाऱ्यांचा ओघ वाढला होता. त्यांच्या हातात कुठल्या क्लबचा झेंडा नव्हता, अनुमोदन देणारं कुणी नव्हतं. तेही समुद्र ओलांडूनच आले होते, पण त्यांना 'पाहुणे' कुणी म्हटलं नाही. शब्द होता निर्वासित. त्यांतल्या हजारोंना कल्याणजवळच्या, युद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत पाठवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावण्यांच्या जागी नव्या शहराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. आजही तिथे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण 'कॅम्प नंबर चार'च म्हणतो.

आणि त्याच १९४९ साली अपोलो बंदरावर आणखी एक बदल झाला. यॉट क्लबची जुनी इमारत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आली. ज्या वास्तूत हिंदी माणूस सभासद होऊ शकत नव्हता, तिथे हिंदी शास्त्रज्ञ फळ्यावर समीकरणं मांडू लागले. १९६२ मध्ये संस्था कुलाब्याच्या नव्या आवारात गेली. जुन्या क्लबच्या जागी अणुऊर्जा विभाग आहे. तिथेही अर्थातच वॉचमन आहे.

क्लब स्वतः रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहिला. नावातलं 'रॉयल' राहिलं, सभासद भारतीय झाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्याच पाण्यात झाल्या, आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं.

तिसरं दार

दोन दारांची ही गोष्ट इथेच संपवली असती, पण होडीचा स्वभाव आडवा येतो. शर्यतीच्या बहुतेक होड्या एकट्याने चालत नाहीत. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने पुढचं शीड ओढायचं, वारा बदलला की वजन या कडेवरून त्या कडेवर टाकायचं. रविवारी सकाळी साथीदार आला नाही, तर लाखोंची होडी नांगरावर पडून राहते. म्हणून जगभरच्या क्लबांत नवख्याला एकच सल्ला मिळतो. सभासदत्वाचा अर्ज राहू द्या, आधी कुणाच्या तरी होडीवर हाताखाली जा. वेळेवर या, सांगितलेलं ऐका, शर्यतीनंतर शीड घडी करायला थांबा. महिनाभराने वॉचमन विचारेल, "कोणाचे गेस्ट?" आणि तुमच्याकडे उत्तर असेल.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे, सरकारी आणि स्वस्त. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये कॅडेटना वल्ही मारायला आणि शिडाची होडी चालवायला शिकवतात. त्याला ना अनुमोदक लागतो, ना प्रवेश फी. नौदलानेच पुढे ती मोहीम काढली, जिचा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतर घेतला होता: भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' घेऊन निघाले. होडी गोव्यात बांधलेली, नाव गोव्याच्या नदीचं. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन असे चार थांबे घेत ते १९ मे २०१० रोजी परतले. त्या चारही बंदरांत ते पाण्याकडच्या दाराने शिरले. तिथे कुणी विचारलं नसेल, की तुम्ही कोणाचे गेस्ट.

परवा गाडी कल्याणजवळ सिग्नलला थांबली होती. शेजारी उल्हासनगरचा एक पोरगा मोबाइलवर शिडाच्या होड्यांचे व्हिडिओ बघत होता. "कधी बसलायस?" मी विचारलं. "नाही ओ काका, ते क्लबवाल्यांचं असतं," तो म्हणाला.

अगदी माझ्या वडिलांचे शब्द. मी त्याला नेव्हल विंगबद्दल सांगितलं, हाताखाली जाण्याबद्दल सांगितलं. दिवाळीनंतर पाऊस आणि लाटा निवल्या की मुंबईत शिडं पुन्हा वर चढतात, मे अखेरपर्यंत चालतात, हेही सांगितलं. विठ्ठलवाडी येईपर्यंत त्याने दोनदा विचारलं, "पण पोहता यायला लागतं ना?"

लागतं. आधी तेवढं शिकून घे, म्हटलं.