ओळीचा अंत आणि सर्व्हरवरील स्क्रिप्टांचे अपयश

इ. स. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एन. सी. एस. ए. ह्या केंद्राच्या सर्व्हरने सी. जी. आय. ही पद्धती प्रचारात आणली. मागणी येताच सर्व्हरने एक स्वतंत्र स्क्रिप्ट चालवावी व तिचे उत्तर वाचकाकडे धाडावे, असे तिचे स्वरूप होते. स्क्रिप्ट बहुधा पर्ल भाषेत असे. ती चालली नाही म्हणजे वाचकास '५००' हा आकडा दिसे. त्यावरून कारण कळणे अशक्य होते.

परवानगी नसणे, पर्लचा मार्ग चुकणे ही कारणे नित्याची होत. परंतु एका कारणाचा उगम सी. जी. आय.च्या पूर्वी निदान तीस वर्षे मागे जातो. टेलिप्रिंटरवर नवी ओळ सुरू करण्यास दोन क्रिया लागत : मुद्रणशीर्ष डाव्या कडेस परत आणणे व कागद एक ओळ सरकविणे. १९६३ च्या आस्की संकेतावलीत त्यांना दोन चिन्हे मिळाली. युनिक्सने त्यांपैकी दुसरेच ठेवले; एम. एस. डॉसने (१९८१) व पुढे विंडोजने दोन्ही राखली. आपापल्या घरी दोन्ही परंपरा निर्दोषच होत्या. तथापि विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट युनिक्स सर्व्हरवर पाठविताना एफ. टी. पी.चा 'आस्की' ऐवजी 'बायनरी' प्रकार निवडला गेला, की जादा चिन्ह तसेच पलीकडे जाई. स्क्रिप्ट कोणी चालवावी हे तिची पहिली ओळ सांगते. युनिक्सचा गाभा ते अदृश्य चिन्ह नावाचाच भाग मानी, पर्लऐवजी भलत्याच नावाची फाइल शोधी आणि 'अशी फाइल नाही' असे कळवी. डोळ्यांसमोर असलेली फाइल नाही म्हटल्यावर भल्याभल्यांची मती कुंठित होई.

अपाची (१९९५) सर्व्हरच्या दोषनोंदवहीत अशा वेळी 'स्क्रिप्टची शीर्षे अकाली संपली' ह्या अर्थाचे वाक्य उमटे. ते खोटे नव्हे. पण ते परिणाम सांगते, कारण नव्हे. बखरीप्रमाणे नोंदवहीही पारखूनच वाचावी लागते : खरे कारण बहुधा वरच्याच ओळीत असे, आणि शेवटची ओळ वाचून थांबणाऱ्यास ते सापडत नसे. भाड्याच्या सर्व्हरवर ज्यास ही वही पाहण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्या हाती तर्काखेरीज काही उरत नसे.

ऑक्टोबर २००४ मध्ये आर. एफ. सी. ३८७५ ह्या लेखाने सी. जी. आय.चे वर्णन शब्दबद्ध केले. युनिक्सवर ओळीचा अंत एका चिन्हाने व्हावा, पण सर्व्हरने दोन्ही चिन्हांची जोडीही स्वीकारावी, असे त्यात म्हटले आहे. ही उदारता स्क्रिप्टच्या उत्तरापुरती होती. पहिली ओळ सर्व्हर नव्हे, गाभा वाचतो. तेथे ती पोहोचली नाही.