अक्काचा फोन आणि चोवीस सेल

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. साताऱ्याला संध्याकाळी वळीव कोसळला, झाडं पडली आणि दिवे गेले. आमची अक्का तिथे एकटीच असते. वय ८३. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशी. रोज रात्री आठ वाजता मी पुण्याहून तिला फोन करायचा, हा आमचा नेम. त्या दिवशी तिचा लँडलाइन लागेना. मोबाइल बंद. साडेनऊ वाजले तशी शेजाऱ्यांना फोन करून त्यांच्या मुलाला पाठवलं. त्यांच्याकडे किल्ली असते म्हणून बरं! अक्का अंधारात पाय मुरगळून पडली होती. उठता येईना म्हणून सरपटत फोनपर्यंत गेली आणि मुका रिसीव्हर मांडीवर घेऊन दोन तास बसून राहिली.

हाड मोडलं नव्हतं, एवढं नशीब. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर पायाचं दुखणं राहिलं बाजूला, तिची तक्रार एकच. "अगं, दिवे गेले म्हणून फोन कसा जाईल? आपला फोन कधी गेला होता का दिव्यांबरोबर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आणि चौतीस वर्षं मुलांना इतिहास शिकवलेल्या मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मग बसले शोधत. जे सापडलं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एखादी अक्का असणार.

ग्रॅहम बेलना टेलिफोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी. आपल्याकडे २८ जानेवारी १८८२ ला कलकत्त्याचं एक्स्चेंज उघडलं, ग्राहक ९३. मुंबईतही त्याच वर्षी. त्या काळचे फोन आपली वीज आपणच बाळगायचे. बोलण्यापुरती वीज पेटीतल्या सेलमधून आणि ऑपरेटरला जागं करण्याची वीज हँडल गरागरा फिरवून! माझ्या माहेरच्या गावी पोस्टात असा फोन होता. पोस्टमास्तर हँडल फिरवायचे तेव्हा आम्ही पोरं खिडकीशी गर्दी करायचो. कधी कधी सेल उतरलेले असत, मग मास्तर इतक्या मोठ्यांदा ओरडत की पलीकडच्या गावाला तारेशिवायच ऐकू जावं.

१८९० च्या दशकात अमेरिकेत नवी व्यवस्था आली. घरोघरी सेल ठेवण्याऐवजी एक्स्चेंजमध्येच मोठी बॅटरी ठेवायची आणि ज्या दोन तारांवरून आवाज जातो त्यांच्यावरूनच फोनला वीज पुरवायची. हळूहळू जगभर हेच झालं. मी एकदा शाळेची नववीची मुलं घेऊन टेलिफोन एक्स्चेंज बघायला गेले होते. मुलांना आवडली खटखटणारी स्विचांची कपाटं. मला आठवते ती मागची खोली. आम्लाचा उग्र वास आणि रांगेनं मांडलेले सेल. तिथल्या साहेबांनी मुलांना मोजायला लावले. चोवीस. एक सेल दोन व्होल्टचा, म्हणजे चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. "घरी दिवे गेले तरी फोनला हे अठ्ठेचाळीस व्होल्ट मिळालेच पाहिजेत," ते म्हणाले, "आणि इथलेच दिवे गेले तर बाहेर डिझेलचं जनरेटर आहे."

या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं आणि तारेवर ऋण दाब ठेवतात, म्हणजे ओलीत तांबं झिजत नाही. अठ्ठेचाळीस व्होल्टनं माणसाला सहसा काही होत नाही. पण घंटी वाजताना त्याच तारेवर पाऊणशे-नव्वद व्होल्टची वेगळी वीज येते. आमच्या शाळेतल्या शिपायानं सुटलेली तार दातानं सोलायला घेतली आणि नेमका तेव्हाच शिक्षणाधिकाऱ्यांचा फोन आला... असो. तार लावायची तर आधी पिन काढावी, हा धडा तिथला.

अक्काकडे फोन आला १९८३ साली. अर्ज करून आठ वर्षांनी! काळाकुळकुळीत, डायलचा, कुणाच्या डोक्यात घातला तर पोलीस केस व्हावी इतका जड. आळीतली निम्मी मंडळी तो नंबर 'पीपी' म्हणून आपल्या पत्रांवर लिहीत. भाऊजींनी डायलच्या भोकात छोटं कुलूप लावलं होतं. पण डायल म्हणजे तरी काय, आकड्याइतक्या वेळा प्रवाह तोडणं. पाचाला पाचदा, शून्याला दहादा. भाच्यानं रिसीव्हर ठेवायच्या खुंट्या तितक्याच वेळा टकटक दाबून कुलपासकट नंबर लावून दाखवला. भाऊजींना कळलं ते बिल आल्यावर.

बटणांचे फोन अमेरिकेत १८ नोव्हेंबर १९६३ पासून मिळू लागले. तारका आणि चौकटीची बटणं मागून, १९६८ मध्ये आली. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात आणि फोनवर १-२-३. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं कितीतरी मांडण्या माणसांना वापरायला देऊन ही निवडली. पाचाच्या बटणावरचा उंचवटा बोटाला जागा सांगतो. अक्काच्या डोळ्यांना आता अर्धंमुर्धंच दिसतं, तिला हा ठिपका म्हणजे गावच्या वेशीवरचा मारुती.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. २०२१ साली कंपनीची माणसं येऊन तांब्याची तार काढून फायबर टाकून गेली. नंबर तोच, फोन तोच, म्हणून आम्हाला वाटलं काहीच बदललं नाही. पण फायबर ही काच! काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. फोनला वीज आता घरातला मोडेम देतो आणि मोडेम चालतो घरच्या प्लगवर. म्हणजे पोस्टमास्तरांच्या काळासारखी विजेची जबाबदारी पुन्हा घराकडे आली, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांना कदाचित महत्त्वाचं वाटलं नसेल. मला मात्र राग आला, अजून जात नाही.

मी आठ दिवस राहिले आणि सगळं नव्यानं लावलं. मोठ्या बटणांचा, वायरचा फोन घेतला. कॉर्डलेस मुद्दाम नको म्हटलं, त्याच्या बैठकीला वेगळी वीज लागते आणि रिसीव्हर कुठल्या खोलीत राहिला हे शोधत फिरावं लागतं. मोडेमसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस घेतला. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर कागदावर लिहून दुकानात न्यावेत. आमचा तीन तास टिकतो, घड्याळ लावून पाहिलं. मोडेमला मागे एकसारखी दिसणारी भोकं असतात. फोनची पिन बसते ती अरुंद भोकात, तिथे फोनचं चित्र असतं. रुंद भोकं इंटरनेटची. रिसीव्हरच्या पिळाच्या वायरची पिन त्याहूनही बारीक, ती मोडेमला लावू नये. फोनच्या पाठीवर 'टोन-पल्स' असा खटका होता, तो टोनवर. घंटीचा खटका मोठ्यावर. वायर भिंतीच्या कडेनं नेऊन ठोकली, कारण एकदा पाय अडखळायचा तेवढा पुरे झाला.

या फोनवर थेट लागणारी तीन बटणं आहेत. एकावर मी, दुसऱ्यावर शेजारी, तिसऱ्यावर डॉक्टर. नावं जाड पेननं देवनागरीत लिहून चिकटवली. पहिल्याच दिवशी एकही लागेना! मग आठवलं, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं. तिघांचे नंबर शून्यासकट पुन्हा भरले. ११२ आणि १०८ हे आकडे फोनखाली मोठ्या अक्षरात लावलेत, पण 'लागतो का बघू' म्हणून ते फिरवायचे नाहीत, हे अक्काला बजावलं.

आणखी एक बजावलं, वीज कडाडत असेल तेव्हा वायरच्या फोनला हात लावायचा नाही. काचेतून वीज येत नसली तरी घरातल्या वायरिंगमधून येऊ शकते. अक्का म्हणाली, "आणि तेव्हाच पडले तर?" मी म्हटलं, तर फोन कर, बाकी गप्पांना थांब. मोबाइलही आता उशाशी असतो. त्याला चार्ज करण्याची वेळ ठरली आहे, देवापाशी दिवा लावताना.

हे सगळं करूनही कंपनीच्या टोकाला बॅटरी उतरली तर आपल्या यूपीएसचा काही उपयोग नाही. चोवीस सेल राखणारी ती माणसं मला म्हणूनच आठवत राहतात.

दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी अक्का शेजारच्या मुलाकडून मोडेमचा प्लग काढून घेते आणि पहिलं बटण दाबते. "ऐकू येतंय का गं?" मी "येतंय" म्हणते. परवा नंतर वीस मिनिटं आम्ही कैरीच्या लोणच्यात मेथी किती, यावर भांडलो आणि शेवटी मुलगा म्हणाला, "आजी, प्लग लावू का आता?"