एबी चिली : जपानी घरातील कोळंबीचा प्रवास

लालसर, चकचकीत रसात घोळलेली कोळंबी म्हणजे जपानमधील ‘एबी चिली’. तिचे मूळ चीनच्या सिचुआन प्रांतात आहे. तेथे कोळंबी परतून, मिरची आणि बाकल्याचे दाणे आंबवून केलेल्या चटणीत रस आटेपर्यंत शिजवतात.

सिचुआनमध्ये १९१९ साली जन्मलेले चेन केनमिन १९५२ मध्ये जपानला आले आणि १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत ‘शिसेन हानतेन’ हे उपाहारगृह उघडले. तिखटाची सवय नसलेल्या जपानी गिऱ्हाइकांसाठी त्यांनी चटणी कमी करून टोमॅटो केचप घातले. एनएचके वाहिनीवरील पाककृतींच्या कार्यक्रमातून त्यांनी आपले पदार्थ घरोघरी पोहोचवले.

कृती झटपट होणारी आहे. स्टार्चमध्ये घोळवलेली कोळंबी तेलात परतून बाजूला काढतात. त्याच कढईत आले, लसूण, चटणी व केचप परततात, पाणी घालून उकळी आणतात आणि कोळंबी परत टाकतात. शेवटी पाण्यात कालवलेला स्टार्च ओतला की रस दाट होऊन कोळंबीला चिकटतो आणि चकाकी येते. कोळंबी फार शिजली तर चिवट होते. म्हणून ती आचेवर थोडाच वेळ ठेवतात.

जपानने १९६१ मध्ये कोळंबीची आयात खुली केल्यावर एकेकाळी चैनीची असलेली ही वस्तू रोजच्या जेवणात आली. पुरवठादार देशांत भारतही होता. १९७८ मध्ये अजिनोमोतो कंपनीने ‘कुक डू’ हे तयार चिनी मसाले बाजारात आणले. अशा तयार रसांमुळे कामावरून परतल्यावरही एबी चिली करणे सोपे झाले.