जखम छोटी, दुखणं मोठं : गॅस गँगरीन डॉक्टर ओळखतात तरी कसं?

२६ जुलै २००५ चा महापूर असो, नाहीतर २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तो दिवस. उल्हास नदी पात्राबाहेर आली की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर पट्ट्यातल्या सखल वस्त्यांमध्ये गाळ शिरतो. पाणी ओसरलं की साफसफाई, आणि त्यात कुणाच्या पायात खिळा घुसतो, कुणाला पत्रा लागतो. अशा वेळी चर्चा होते ती लेप्टोची. पण मातीत आणखी एक जीवाणू असतो. त्याचा संसर्ग फार दुर्मीळ आहे, पण झालाच तर हिशोब दिवसांचा नाही, तासांचा असतो.

त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वेल्च आणि नटाल या दोघांनी १८९२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो मातीत राहतो, आपल्या आतड्यातही राहतो आणि एरवी त्रास देत नाही. त्याला ऑक्सिजन चालत नाही. त्यामुळे साध्या खरचटण्यात त्याचं जमत नाही. त्याला हवी असते खोल, चिरडलेली, रक्तपुरवठा तुटलेली जागा. रेल्वे रुळांवरचा अपघात किंवा कारखान्यात यंत्राखाली हात सापडणं, अशा जखमांमध्ये ती मिळते. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांना हा आजार झाला, कारण खंदक शेणखत घातलेल्या शेतांत खणले होते.

जागा मिळाली की हा जीवाणू दर आठ-दहा मिनिटांना दुप्पट होऊ शकतो. त्याचं विष स्नायू मारतं आणि मेलेल्या स्नायूत गॅस तयार होतो. म्हणून नाव गॅस गँगरीन.

आता गंमत अशी की नावात गॅस असला तरी निदानाची सुरुवात गॅसपासून होत नाही. ती होते दुखण्यापासून. वरून जखम फारशी वाईट दिसत नाही, पण रुग्ण कळवळत असतो. जखम आणि वेदना यांचा मेळ बसत नाही, हीच पहिली खूण. ही वेदना बहुतेकदा दुखापतीनंतर एक ते चार दिवसांत सुरू होते, कधी सहा तासांतही. ताप थोडाच, पण नाडी मात्र धावत असते. त्वचा आधी फिकट, मग तांबूस-तपकिरी, मग जांभळी पडते. रक्ताळ पाण्याचे फोड येतात.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत मात्र ही पहिली खूणच दगा देऊ शकते. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर दुखणं जाणवतच नाही. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे ही काही अपवादात्मक अडचण नाही.

त्यानंतर येते ती कुरकुर. सुजलेल्या जागी बोट दाबलं तर पातळ पोहे चुरावेत तसं त्वचेखाली जाणवतं. हा गॅसचा बुडबुडा. एक्स-रेमध्ये तो काळ्या रेघांसारखा दिसतो, सीटी स्कॅनमध्ये त्याहून लवकर आणि स्पष्ट.

पण इथे दोन सापळे आहेत. एक, गॅस दिसला म्हणजे क्लॉस्ट्रिडियमच असं नाही. ई. कोलाय, क्लेबसिएला हे जीवाणूही गॅस करतात, विशेषतः मधुमेहींमध्ये. बरगडी मोडून फुप्फुसातली हवा त्वचेखाली आली तरी तशीच कुरकुर लागते. दुसरा सापळा जास्त घातक : एक्स-रेत गॅस नाही म्हणून निश्चिंत होणं. सुरुवातीला तो नसतोच अनेकदा. मांसाच्या आवरणाला लागणाऱ्या नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस या भावंडासारख्या आजारात तर कित्येकांना तो कधीच दिसत नाही.

रक्ततपासणीचंही तसंच. २००४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी फॅशिआयटिससाठी सीआरपी, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि साखर या सहा चाचण्यांवरून गुण देण्याची पद्धत काढली. सहा किंवा जास्त गुण आले की संशय बळावतो. पण गुण कमी आले म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही, हे नंतर दिसून आलं.

मग खात्री कशी होते? चिरा देऊन. सर्जन जागा उघडून पाहतात. जिवंत स्नायू लाल असतो, कापला तर रक्त येतं, चिमटा लावला तर आकसतो. मेलेला स्नायू यातलं काहीच करत नाही. त्यातल्या द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जाड दांड्यांसारखे जीवाणू दिसतात आणि पांढऱ्या पेशी मात्र जवळपास नसतात, कारण विषाने त्याही मारलेल्या असतात.

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रुग्णाला पुढे मुंबईला न्यायची वेळ आली तर हे अंतरही वेळेच्या हिशोबात धरावं लागतं. म्हणून पहिल्याच दवाखान्यात जखम कधी, कुठे, कशाने झाली, मातीचा किंवा गटाराचा संबंध होता का आणि दुखणं किती वेगाने वाढतंय, हे नातेवाइकांनी स्वतःहून सांगावं. 'धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय' एवढं पुरत नाही. धनुर्वाताचा जीवाणू याच कुळातला, पण ती लस याच्यावर चालत नाही. आणि घाणेरडी जखम डॉक्टरांनी टाके न घालता उघडी ठेवली तर तो हलगर्जीपणा नव्हे. आत हवा खेळावी म्हणूनच ते तसं करतात.

कल्चरचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. त्याची वाट कुणी पाहत नाही. पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन लगेच सुरू होतात, मेलेला भाग काढला जातो आणि साधारण २४ तासांत रुग्णाला पुन्हा ऑपरेशन टेबलवर घेतात, कडेचा स्नायू अजून जिवंत आहे का ते पाहायला.