स्मृतीचे घर

स्मृती मेंदूच्या कोणत्या भागात वसते, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी अनेक वर्षे वेचली. उंदरांना चक्रव्यूहातील वाट शिकवावयाची, मग मेंदूच्या बाह्य आवरणाचा एखादा भाग कापून ती वाट त्यांना आठवते का, हे पाहावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. कोणताही एक भाग कापल्याने वाट पुरती विसरली जात नसे. स्मृतीला एक ठरावीक घर नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९५० मध्ये मांडला.

तीनच वर्षांनी या समजुतीला धक्का बसला, आणि तोही एका माणसाच्या दुर्दैवातून. हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचा अपस्मार औषधांना दाद देत नव्हता. १९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या दोन्ही कानशिलांमागील मेंदूचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या बऱ्याच अंशासह, काढून टाकला. झटके उणावले, परंतु नवे काही स्मरणात साठविण्याची शक्तीच गेली. १९५५ मध्ये माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना तपासले. बुद्धी शाबूत होती, बालपण आठवत होते. पण वय विचारता मोलेसन २७ सांगत आणि साल १९५३! नुकताच भेटून गेलेला माणूस पुन्हा समोर आला की तो त्यांना अनोळखी वाटे.

मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. तीन दिवसांत हात चांगलाच सरावला. मात्र हे काम आपण पूर्वी केल्याचे त्यांना मुळीच आठवेना. म्हणजे हाताला जे उमगले होते, ते मनाला ठाऊक नव्हते. प्रसंगांची स्मृती वेगळी आणि कौशल्याची वेगळी, हे त्यावरून उलगडले. नवा अनुभव स्मृतीत रुजविण्यास हिप्पोकॅम्पस लागतो. पुष्कळशा जुन्या आठवणी मात्र बाह्य आवरणात विखुरलेल्या राहतात. या अर्थी लॅशली अगदीच चुकले नव्हते.

१९५७ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अशी शस्त्रक्रिया कोणी करू नये, असे स्कोव्हिल यांनीच इतरांना बजावले. पुढे सुमारे ५० वर्षे मोलेसन संशोधकांना सौजन्याने साहाय्य करीत राहिले. शास्त्रीय ग्रंथांत मात्र ते केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखले जात. २००८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी ते निवर्तले, तेव्हाच त्यांचे नाव जगाला कळले. ज्याला आपले कालचे कार्यही आठवत नव्हते, त्याचे विस्मरण आता विज्ञानाला परवडणारे नाही.